किती आणि कितीने : लहान मुलांना स्तंभालेख शिकवताना

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे लहान मुलांना स्तंभालेख वाचायला आणि त्यातील माहितीची तुलना करायला कसे शिकवावे, याच विषयावरची आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्याच्याही उपयोगी पडेल असे वाटल्यामुळे त्यांतील पाच पत्रे येथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी तिसरीत आहे. तिच्या सरावपुस्तिकेत वर्गातील मुलांच्या आवडत्या फुलांचा स्तंभालेख दिला आहे. मोगरा ९ मुलांना, शेवंती ५ मुलांना आणि जास्वंद ३ मुलांना आवडते. ‘मोगरा किती मुलांना आवडतो?’ याचे उत्तर ती झटकन आणि बरोबर देते; परंतु ‘शेवंतीपेक्षा मोगरा कितीने जास्त मुलांना आवडतो?’ असे विचारले की पुन्हा ‘नऊ’ असेच सांगते. वजाबाकी तिला हातच्याचीसुद्धा येते. मी चिडले की ती गप्प होते. नेमके काय चुकते आहे?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या मुलीला वजाबाकी येते, मोजणे येते, प्रश्न मात्र अजून तिच्यापर्यंत पोहोचलेला नाही. ‘किती’ आणि ‘कितीने’ या दोन शब्दांत फरक आहे तो एका ‘ने’चा, आणि सात-आठ वर्षांच्या मुलाच्या कानावरून तो ‘ने’ सहज निसटून जातो. तिने जे ऐकले ते बहुधा इतकेच असते : मोगरा, किती, जास्त. जास्त कोण ते तिने पाहिले, तो किती ते मोजले आणि नऊ सांगितले. तिने ऐकलेल्या प्रश्नाचे हे अगदी बरोबर उत्तर आहे, म्हणून कृपया तिच्यावर चिडू नका. आई का चिडली हे तिला कळत नाही आणि पुढच्या वेळी ती अंदाजाने कोणताही आकडा सांगू लागते.

याहून खोलवरची अडचण आलेखातच आहे. मोगऱ्याचे नऊ चौकोन रंगवलेले आहेत, शेवंतीचे पाच रंगवलेले आहेत. पण आपण ज्या चारविषयी विचारतो ते चार कोठेच रंगवलेले नाहीत. ते चार म्हणजे शेवंतीच्या स्तंभाच्या डोक्यावरची मोकळी जागा. रंगवलेले मोजायचे असते हे मुलांना चटकन कळते. न रंगवलेल्या जागेलाही संख्या असते, आणि तीच आपल्याला विचारलेली आहे, हे कोणीतरी दाखवावे लागते.

मुले अडतात ती तुलनेपाशी की तुलनेच्या भाषेपाशी, याचा एक सुंदर पुरावा १९८३ साली टॉम हडसन या संशोधकाने प्रसिद्ध केला. लहान मुलांना त्याने काही पक्षी आणि त्यांहून थोड्या कमी अळ्या असलेले चित्र दाखवले. ‘अळ्यांपेक्षा पक्षी कितीने जास्त?’ असे विचारले तेव्हा बालवाडीच्या वयाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्याच मुलांना उत्तर देता आले. मग त्याच चित्रावर त्याने विचारले, ‘प्रत्येक पक्षी अळी पकडायला धावला, तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?’ या वेळी शंभरातील नव्वदहून अधिक मुलांनी बरोबर सांगितले. चित्र तेच, संख्या त्याच. फक्त प्रश्न मुलांच्या ओळखीच्या भाषेत आला.

तुम्हीही तसेच करा. घोटीव कागदाचे सारख्या मापाचे चौकोन कापून एका खाली एक चिकटवून दोन पट्ट्या तयार करा, नऊ चौकोनांची पिवळी आणि पाच चौकोनांची जांभळी. मुलीला त्या शेजारीशेजारी, खालच्या कडा जुळवून ठेवायला सांगा. नंतर शेवंतीच्या प्रत्येक चौकोनाला मोगऱ्याचा एक चौकोन जोडीला द्यायला लावा, आणि विचारा, ‘मोगऱ्याच्या किती जणांना जोडी मिळाली नाही?’ ती चार म्हणेल. ते चार चौकोन तिला दुमडून मागे घालू द्या. दोन्ही पट्ट्या बरोबरीच्या झालेल्या तिने स्वतः पाहिल्या पाहिजेत. पुन्हा उघडून विचारा, ‘शेवंतीला मोगऱ्याच्या बरोबरीला यायला आणखी किती हवेत?’ हे दोन्ही प्रश्न चारपाच वेळा वेगवेगळ्या संख्या घेऊन झाले, की मगच म्हणा, ‘यालाच म्हणतात, मोगरा चारने जास्त आणि शेवंती चारने कमी.’ त्या ‘ने’वर आवाजाचा थोडा जोर द्या आणि बोट त्या उरलेल्या तुकड्यावर ठेवा.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीची गोष्ट आठवते. ती कितीतरी दिवस मोठ्या स्तंभाची उंचीच सांगत असे. एकदा पट्टी दुमडून उघडल्यावर तिचे बोट लहान स्तंभाच्या माथ्यापासून निघून हवेत वर सरकू लागले, एक, दोन, तीन, चार, आणि मोठ्या स्तंभाच्या माथ्याच्या रेषेला येऊन थांबले. त्या मोकळ्या जागेत फिरणारे बोट दिसले की समजावे, मुलाला तुलना कळली. ९ − ५ ही मांडणी त्यानंतर लिहायला लावा. तोपर्यंत ती घाईची ठरते.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी शाळेत पहिली व दुसरी हे वर्ग एकत्र शिकवतो. आमच्याकडे आलेख कागद नाहीत, रंगीत साहित्य फारसे नाही. इतक्या लहान मुलांना स्तंभालेख शिकवावा का, आणि शिकवायचा तर सुरुवात कोठून करावी? मागच्या आठवड्यात मुलांनी आणलेली बोरे आणि केळी रांगेत मांडून पाहिली, पण मुले केळीच जास्त म्हणू लागली.
— एक शिक्षक, जि. नंदुरबार

उत्तर : जरूर शिकवावा, मात्र आलेख हे नाव न घेता. तुमच्या वर्गात बोरे आणि केळी मांडल्यावर जे झाले, त्यात या विषयाचे अर्धे शास्त्र आले आहे, त्यामुळे तो प्रयोग फसला असे मानू नका. चार केळ्यांची रांग नऊ बोरांच्या रांगेपेक्षा लांब दिसते, आणि मुलांनी लांबी पाहिली. लांबी पाहून संख्या सांगायची असेल तर प्रत्येक वस्तूने सारखीच जागा घेतली पाहिजे, हा स्तंभालेखाचा पायाभूत नियम आहे आणि तो मुलांना सांगण्यापेक्षा असाच अडखळू देऊन शिकवलेला बरा. आता त्याच बोरांना आणि केळ्यांना फरशीवर खडूने आखलेल्या सारख्या घरांत बसवा, एका घरात एकच वस्तू. नऊ घरे भरलेली बोरे चार घरे भरलेल्या केळ्यांच्या पुढे गेलेली दिसली, की मुलांना जे समजेल ते आपल्या कोणत्याही स्पष्टीकरणाने समजणार नाही. सर्व रांगा एकाच रेषेपासून सुरू झाल्या पाहिजेत, हेही तेथेच सांगून टाका. धावण्याच्या शर्यतीत सगळे एका रेषेवर का उभे राहतात, हे विचारले तर मुले स्वतःच कारण सांगतात.

साहित्य म्हणाल तर रिकाम्या काडेपेट्यांइतके चांगले साहित्य मला दुसरे माहीत नाही. त्या सारख्या मापाच्या असतात, एकावर एक उभ्या राहतात, आणि गावात मागितल्या तर महिन्याभरात शंभर गोळा होतात. प्रत्येक मुलाने स्वतःची एक काडेपेटी घ्यावी, तिच्यावर आपले नाव किंवा खूण चिकटवावी आणि ती योग्य ढिगावर ठेवावी. स्तंभातील एक घर म्हणजे एक माणूस, ही जाणीव अशाने पक्की होते. पुढे पेट्यांच्या जागी फळ्यावरचे चौकोन येतील, मग चौकोनांमधल्या रेषा पुसून सलग स्तंभ येईल. पण हा प्रवास सावकाश, दोन वर्षांत झाला तरी चालेल. सलग स्तंभ पहिल्याच दिवशी समोर आला तर मुलाला तो नुसता रंगवलेला खांब वाटतो.

विषय म्हणून मुलांच्या नावांतील अक्षरे घेऊन पाहा. खर्च काही नाही आणि प्रत्येकाचा त्यात जीव असतो. दोन अक्षरी, तीन अक्षरी, चार अक्षरी असे गट करा. लगेच वाद सुरू होईल, की ‘स्नेहा’ दोन अक्षरी की तीन? हा वाद मिटवायची घाई करू नका. जोडाक्षर एकच धरायचे, हा नियम वर्गाने मिळून ठरवला आणि सर्वांना सारखा लावला, की माहिती गोळा करण्याआधी गट नेमके ठरवावे लागतात, हा धडा मुले आपोआप शिकतात. मोजताना ताळ्याच्या खुणा करायला लावा, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. पाचापाचाने मोजण्याचा सरावही त्यात होऊन जातो.

मात्र या विषयात एक खोच आहे, तिच्याविषयी सावध राहावे. ‘तीन अक्षरी’ या गटात सात मुले असतील, तर आलेखाच्या पायाशी ३ आहे आणि उंचीला ७. ‘तीन अक्षरी नावे किती?’ असे विचारल्यावर काही मुले तीन म्हणतात. म्हणून पहिला आलेख फुले, फळे, प्राणी अशा नावांच्या गटांचा घ्यावा आणि अक्षरांचा नंतर. गोंधळ झालाच तर प्रत्येक पेटीवरचे नाव मोठ्याने वाचून घ्यावे : शर्वरी, सुमित, गणेश. सात नावे वाचून होईपर्यंत सात कोणाचे आणि तीन कशाचे, हे उलगडते.

प्रश्न कोणते विचारावेत, याविषयी गणितशिक्षणाच्या अभ्यासक फ्रान्सिस कर्सिओ यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या तीन पायऱ्या मला वर्गात सर्वांत उपयोगी वाटल्या आहेत. पहिली पायरी, आलेखात दिसते ते वाचणे : दोन अक्षरी नावे किती? दुसरी, दिसणाऱ्या दोन गोष्टींमधले नाते वाचणे : तीन अक्षरी नावे दोन अक्षरी नावांपेक्षा कितीने जास्त, दोन्ही मिळून किती? तिसरी, आलेखाच्या पलीकडे जाणे : उद्या वर्गात नवी मुलगी आली तर तिचे नाव किती अक्षरी असेल असे तुला वाटते, आणि का? आपल्याकडे बहुतेक वेळ पहिल्या पायरीवरच जातो, आणि तिसरी तर मोठ्या वर्गांसाठी राखून ठेवली जाते. दुसरीतील मुलेही तिसऱ्या पायरीवरचे प्रश्न फार आवडीने घेतात; ‘तीन अक्षरी, कारण आपल्याकडे तीच खूप आहेत’ हे उत्तर सात वर्षांच्या मुलाकडून ऐकण्याचा आनंद शिक्षकाने स्वतः घ्यावा.

आपल्या भागातील अनेक मुलांच्या घरी भिली, पावरी किंवा अहिराणी बोलली जाते. ‘कितीने जास्त’ हे घरच्या बोलीत कसे विचारतात, ते मुलांकडूनच समजून घ्या आणि तुलनेचा प्रश्न आधी त्या बोलीत विचारा. पुस्तकी मराठीतला शब्द त्यानंतर दिला तरी काही बिघडत नाही.

प्रश्न : नातू चौथीत आहे. एका चौकटीला एक असा आलेख असला की सर्व उत्तरे बरोबर, पण ‘प्रमाण : १ चौकट = ५’ असे काही दिले की तो चौकटीच मोजून मोकळा होतो. शिवाय एकोणतीस, एकोणचाळीस हे आकडे वाचताना तो हमखास एका दशकाने चुकतो. मी निवृत्त आहे, भरपूर वेळ देऊ शकतो. काय करावे?
— एक आजोबा, पुणे

उत्तर : आपल्या दोन्ही अडचणींवर एकच आलेख पुरेसा आहे, म्हणून तो येथे थोडा सविस्तर सांगते. लोकसभेत महाराष्ट्राच्या ४८ जागा आहेत, बिहारच्या ४०, तमिळनाडूच्या ३९ आणि गोव्याच्या २. चौकटीची वही घेऊन नातवाला आधी विचारा, ‘एका जागेला एक चौकट दिली तर महाराष्ट्राचा स्तंभ पानावर मावेल का?’ तो चौकटी मोजेल आणि बहुधा मावणार नाही असे सांगेल. प्रमाण कशासाठी लागते, हे त्याला येथे गरज पडल्यावर कळले. मग दोघांनी ठरवा, एका चौकटीत दोन जागा बसवू. स्तंभ काढताना पहिल्या काही चौकटींत त्याला प्रत्येकी दोन ठिपके काढू द्या. महाराष्ट्राच्या २४ चौकटी, बिहारच्या २०, तमिळनाडूच्या साडेएकोणीस आणि गोव्याची एकच चौकट होईल.

आता विचारा, महाराष्ट्राला बिहारपेक्षा कितीने जास्त जागा? तो माथ्यांमधल्या चौकटी मोजून ‘चार’ म्हणेल. ‘नाही’ म्हणण्याऐवजी विचारा, ‘चार काय? चार चौकटी की चार जागा?’ प्रत्येक उत्तराला एकक लावायची ही सवय जडली, की चार चौकटी म्हणजे आठ जागा, हे तो आपणहून म्हणू लागतो. पुढच्या दिवशी तीच माहिती एका चौकटीला १० जागा असे प्रमाण घेऊन काढायला लावा. स्तंभ बुटके होतील, गोव्याचा तर जेमतेम एक रेघ उरेल, पण फरक आठ जागांचाच राहील.

आणि एकोणचाळीस. हा शब्द कानाला चाळीससारखा लागतो, म्हणून मुले ४९ लिहितात किंवा वाचतात. ‘एकोण’ म्हणजे एक उणे. बिहारचा स्तंभ चाळीसच्या रेषेला नेमका टेकलेला आणि शेजारचा तमिळनाडूचा त्या रेषेला अर्धी चौकट, म्हणजे एक जागा, कमी पडलेला, हे चित्र त्याच्यासमोर असताना ‘चाळीसला एक उणे, एकोणचाळीस’ असे त्याच्याकडून म्हणवून घ्या. हा शब्द आलेखावर जितका स्वच्छ दिसतो तितका पाढ्यात किंवा अंकतक्त्यात दिसत नाही. आपल्या भाषेतील संख्यानावांनी मुले अडखळतात, अशी तक्रार आपण नेहमी करतो. हे नाव तर स्वतःच एक तुलना आहे, आणि ती ‘कितीने कमी’चीच आहे.

प्रश्न : माझ्या मुलाने परीक्षेत स्तंभ उभे न काढता आडवे काढले, म्हणून त्याचे गुण कापले गेले. आडवा स्तंभालेख चूक असतो का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : प्रश्नात उभे स्तंभ काढा असे स्पष्ट सांगितले नसेल, आणि प्रमाण, शून्याची सुरुवात, सारखी रुंदी, सारखे अंतर हे सर्व नीट असेल, तर आडवा स्तंभालेख पूर्णपणे बरोबर आहे. विल्यम प्लेफेअर याने १७८६ साली छापलेला, स्तंभालेखाचे पहिले उदाहरण म्हणून ओळखला जाणारा आलेख आडवाच होता. स्कॉटलंडचा सतरा देश-प्रदेशांशी झालेला व्यापार त्यात दाखवला होता, आणि प्रत्येक ठिकाणासाठी आयात व निर्यात अशा दोन पट्ट्या जवळजवळ काढल्या होत्या. आपली मुले पुढे सातवीत ज्याला जोडस्तंभालेख म्हणतात, तोच हा. त्याच्याकडे स्कॉटलंडची एकाच वर्षाची आकडेवारी होती, वर्षागणिक बदल दाखवणारी रेषा काढण्याइतकी वर्षे नव्हती, म्हणून त्याने पट्ट्या काढल्या. गटांची नावे लांब असतील तर आडवे स्तंभ मुलांना वाचायलाही सोपे जातात. शिक्षकांना शांतपणे भेटून हे दाखवावे. मुलाला मात्र त्याचे काढणे चूक नव्हते, हे आजच सांगावे.

प्रश्न : वर्तमानपत्रातील जाहिरातींमध्ये काही आलेख असे असतात की दोन आकड्यांत थोडासाच फरक असूनही एक स्तंभ दुसऱ्याच्या दुप्पट दिसतो. पाचवीतील मुलांना हे समजावून सांगता येईल का, की त्यांचा गोंधळच होईल?
— एक शिक्षिका, मडगाव

उत्तर : पाचवीत हे नक्की समजावता येते, आणि ते समजावणे मला अत्यंत गरजेचे वाटते, कारण याच वयात मुले छापलेल्या गोष्टीवर पूर्ण विश्वास ठेवायला शिकतात. उदाहरण डोंगरांचे घ्या. कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे आणि साल्हेरची १५६७ मीटर. फळ्यावर शून्यापासून सुरुवात करून, १ सेंटिमीटरला १०० मीटर या प्रमाणाने दोन स्तंभ काढा. एक साधारण साडेसोळा सेंटिमीटरचा होईल, दुसरा त्याहून पाऊण सेंटिमीटरभर बुटका. शेजारी दुसरा आलेख काढा, पण खालची रेषा शून्याऐवजी १५०० मीटरची धरा आणि प्रमाण १ सेंटिमीटरला १० मीटर ठेवा. आता कळसूबाई साडेचौदा सेंटिमीटरच्या वर जाते आणि साल्हेर सातच्याही खाली राहतो.

मुलांना काहीही न सांगता विचारा, ‘दुसऱ्या चित्रात कळसूबाई साल्हेरच्या कितीपट दिसते?’ दुप्पट, दुपटीहून जास्त, अशी उत्तरे येतील. मग विचारा, ‘खरोखर कितीने उंच आहे?’ १६४६ − १५६७, म्हणजे ७९ मीटरने. ‘कितीने’ हा प्रश्न दोन्ही आलेखांत एकच उत्तर देतो; ‘कितीपट’ मात्र दुसऱ्या आलेखावर नुसत्या नजरेने विचारता येत नाही, कारण त्या स्तंभांचे पाय कापलेले आहेत. ‘पाय कापलेला आलेख’ हा शब्दप्रयोग माझ्या एका विद्यार्थ्याचा आहे आणि मुलांच्या तो चटकन लक्षात राहतो.

अशी खालची रेषा वर उचलणे प्रत्येक वेळी फसवणुकीसाठीच केलेले असते, असे मुलांच्या मनावर बिंबवू नये. लहानसा फरक नीट दिसावा म्हणूनही ते केले जाते, आणि तेव्हा अक्षावर नागमोडी खूण करून वाचकाला तसे कळवण्याची पद्धत आहे. त्यानंतर मुलांना घरून वर्तमानपत्रांतील आलेख कापून आणायला सांगा, आणि कोणत्याही आलेखाविषयी बोलण्यापूर्वी प्रत्येकाने त्यातील शून्य कोठे आहे ते बोटाने दाखवावे, किंवा शून्य नाही असे सांगावे, एवढा एकच नियम पंधरा दिवस पाळा.